कोल्हा, सिंह आणि अंबादास काकांचा मोर

तुमच्याच ऑफिसात इतके किस्से कसे काय घडतात, असं मला लोक विचारतात. कारण अगदी साधं आहे. आमचे कॉम्प्युटर हळू आहेत! क्लिक करायचं आणि पान उघडायची वाट बघत बसायचं. पडद्यावर ते गोल गोल फिरत राहतं. तेवढ्या वेळात माणूस काय करणार? बोलणार! एक बोलला की दुसरा बोलतो, दुसरा बोलला की तिसरा खुर्ची सरकवून जवळ येतो, आणि पान उघडेपर्यंत एक किस्सा तयार. मोठ्या शहरांतल्या फास्ट इंटरनेटवाल्या ऑफिसांत म्हणे शेजारच्या टेबलावरचा माणूस कोण तेही ठाऊक नसतं. बिचारे!

आमचा टॉवेलचा कारखाना सोलापूरजवळ, चिंचोळी एमआयडीसीत. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. घरात कन्नड, धंद्यात मराठी, आणि चिडले की दोन्ही एकदम. ऑफिसात आम्ही चौघं. मी रोहिणी, ऑर्डरी आणि पत्रव्यवहार बघते. नसीम बिलं करते. दत्ता डिस्पॅच सांभाळतो, म्हणजे माल गाडीत भरून रवाना करायचा आणि पोचेपर्यंत जीव टांगणीला लावून बसायचं. रोज होटगीहून मोटरसायकलवर येतो. आणि चौथे अंबादास काका, आमचे डिझायनर, घरी तेलुगू बोलणारे. टॉवेलवरचा मोर, कमळ, वेलबुट्टी, सगळं त्यांच्या हातचं. पूर्वी चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवून डिझाईन काढायचे, आता तेच कॉम्प्युटरवर माउसनं काढतात.

मी कधीकाळी कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, ही बातमी कुणीतरी अण्णांना दिली. तेव्हापासून ऑफिसात जे जे वायरीला जोडलेलं आहे, ते माझं. पंखासुद्धा! त्यामुळं कुठल्या मशीनवर कुठला ब्राउझर ठेवायचा, हे भांडणही माझ्याच दारात आलं. ब्राउझरची खरी नावं आमच्यात कुणी घेत नाही. चित्रांवरून नावं पडली आहेत: कोल्हा, सिंह, निळी लाट, रंगीत चक्री. एकदा पाहुणे बसलेले असताना दत्ता आतून ओरडला, "ताई, माजा कोल्हा मेला! सिंव्ह सोडू का?"

पाहुण्यांनी पाय वर घेतले.

*

दत्ताचं मशीन सगळ्यात हळू. एकदा काय झालंय बघावं म्हणून त्याच्या खुर्चीत बसले, तर वरच्या पट्टीवर टॅबची ही दाटी! नावंसुद्धा दिसेनात, नुसते चिमुकले तुकडे.

"हे सगळं काय आहे रे?"

"गाड्या हायत की ताई."

प्रत्येक ट्रक आत्ता कुठं पोचला हे दाखवणारं एक पान असतं. दत्तानं प्रत्येक ट्रकचं पान वेगळं उघडून ठेवलेलं. जे ट्रक पोचले, माल उतरला, टॉवेल विकले गेले, लोकांनी अंगं पुसून ते फाटलेही असतील, त्यांचीसुद्धा!

"अरे, पोचलेल्या गाड्या तरी बंद कर. प्रत्येक टॅब मेमरी खातो."

"खाऊ द्या की. मला काय मागत्यात? हितं गप बसल्यात."

मी ऐकलं नाही. एकेक टॅब बंद करत गेले. मशीन जरा मोकळं झाल्यासारखं वाटलं म्हणून माझा हुरूप वाढला आणि त्या हुरुपात पुण्याला निघालेल्या चालत्या गाडीचाही टॅब बंद झाला. तासाभरानं ड्रायव्हरचा फोन आला. गाडी मोडनिंबला उभी. टायर फुटला!

दत्ता माझ्याकडं बघत राहिला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "ताई, मी काय बोलत न्हाय. पन तुमी बंद केलं, आन ती थांबली."

मी त्याला नेटवर्क, सर्व्हर, सगळं समजावून सांगितलं. त्यानं मान डोलावून ऐकून घेतलं. मी शिकलेली बाई आहे, असल्या गोष्टी मानत नाही. पण त्यानंतर चालत्या गाडीचा टॅब मी कधी बंद केलेला नाही.

*

स्पीडचा निकाल लावायचं काम नसीमनं अंगावर घेतलं. तिला बिलासाठी सरकारी साइट उघडावी लागते, आणि ती साइट मनात असेल तेव्हाच उघडते. कुठला ब्राउझर फास्ट, हे मोजायला मी तिला इंटरनेटवरची एक टेस्ट दाखवली. तिनं नाक मुरडलं. "वो आकडे मेरेकू नक्को ताई. मैं मेरे हिसाब से देखती."

तिचा हिशोब असा. शेगडीवर चहाचं दूध ठेवायचं, बटण दाबायचं, त्याच क्षणी साइटवर क्लिक करायचं. दूध वर यायच्या आधी साइट उघडली तर ब्राउझर पास. दूध आधी वर आलं तर नापास!

पहिल्या दिवशी कोल्हा. आम्ही सगळे टेबलाभोवती. एक डोळा दुधावर, एक पडद्यावर. साइट आधी आली. टाळ्या! दुसऱ्या दिवशी चक्री. तीही आधी आली. तिसऱ्या दिवशी सिंह. साइट अर्धी दिसायला लागली आणि तेवढ्यात दूध भसाभस वर आलं, शेगडीवर, टेबलावर, बिलांच्या गठ्ठ्यावर!

"शेर बी भाग रा, दूध बी भाग रा!" नसीम फडकं शोधत ओरडली.

सिंह नापास, असं मी जाहीर करणार, तर दारातून दत्ता म्हणाला, "आसं कसं ताई? आज दूध निम्मंच हुतं. निम्मं दूध लवकरच वर येनार की! टेस्ट रद्द!"

मुद्दा बिनतोड होता. शेवटी वाद मिटवला अंबादास काकांनी. ते आपल्या टेबलावरून म्हणाले, "ज्या दिवशीचा चहा चांगला झाला, तो ठेवा. बाकी काय, सगळे येतातच की आज ना उद्या."

त्यांच्या निवाड्यानं बिलाच्या मशीनवर कोल्हा बसला. आजही आहे. कोल्ह्याच्या दिवशी चहात आलं जास्त पडलं होतं.

*

ऑफिसात एक पाचवं मशीन आहे, कोपऱ्यातलं. ते कुणाचंच नाही, म्हणजे सगळ्यांचं. जेवणाच्या सुट्टीत ज्याला जे खासगी बघायचंय ते तिथं बसून बघतो. खासगी! त्या मशीनवर एक अक्षर टाइप करायचा अवकाश, आधी कुणी काय काय शोधलंय ते सगळं खाली ओळीनं हजर.

"ट" टाइप केलं की "टक्कल पडलेल्या जागी केस". दत्ता नंतर दोन-तीन दिवस टोपी घालून आला.

"ब" टाइप केलं की "बिना ओव्हन नानखटाई". दुसऱ्या दिवशी नसीमनं डबा उघडला तेव्हा आम्ही सगळ्यांनी "अगं बाई, नानखटाई!" असं आश्चर्य करून दाखवलं.

"न" टाइप केलं की "नवरा घोरतो उपाय". ते माझं. नसीमनं काळजीनं विचारलं, "ताई, भाईसाब की आवाज इत्ती बड़ी है क्या?"

असं आमचं चाललेलं. मग एका दुपारी मला हातमागाच्या टॉवेलचं काहीतरी बघायचं होतं. नसीम आणि दत्ता मागं उभे होते. मी "हा" टाइप केलं आणि खाली दोन ओळी आल्या. "हात का थरथरतो." आणि तिच्याखाली, "हात थरथरत असेल तर डिझाईनचं काम".

कुणी हसलं नाही.

आम्ही तिघांनी एकदमच मागं वळून बघितलं. अंबादास काका त्यांच्या टेबलावर चहा घेत होते. ग्लास दोन्ही हातांनी धरलेला. किती दिवसांपासून ते असा दोन्ही हातांनी ग्लास धरत होते कोण जाणे! आमच्या डोळ्यांसमोर होतं आणि आम्ही बघितलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

काकांना कसली भीती वाटत असेल हे सांगायची गरज नव्हती. आमच्या शेजारच्या कारखान्यानं डिझायनर ठेवणं बंद केलंय, डिझाईन बाहेरून करून घेतात. तिथला माणूस घरी बसला. काका स्वतः एकदा म्हणाले होते, "घरी बसलेला माणूस आणि बंद पडलेला माग, दोन्ही लवकर गंजतात." त्यात अण्णांनी मुंबईच्या एका मोठ्या ऑर्डरसाठी त्यांना नवीन मोर काढायला सांगितलेला. अण्णांना हाताचं कळलं तर?

नसीमनं माझ्या खांद्यावरून हात पुढं केला आणि त्या दोन्ही ओळी पुसून टाकल्या. मग ती बिलं करायला गेली. आम्ही या विषयावर एकमेकांशीही बोललो नाही.

*

दुसऱ्याच दिवशी मी सगळ्यांसमोर जाहीर व्याख्यान दिलं. कोपऱ्यातल्या मशीनवर ब्राउझरची एक खासगी खिडकी असते, काळ्या रंगाची. तिच्यात जे बघाल ते, खिडकी बंद केली की मशीन विसरून जातं. ज्याला त्याला आपापलं बघायला बरं. मी एकदाही काकांकडं बघितलं नाही. सगळं दत्ताच्या टकलाकडं बघून बोलले.

काकांनी चष्मा कपाळावर घेतला. "काळी खिडकी? अय्यो, ती वाईट लोकांची खिडकी ना गं?"

"नाही हो काका. बायकोला भेट काय घ्यायची ते शोधतानासुद्धा लोक वापरतात. तिला कळू नये म्हणून."

"तुझ्या काकूला न कळता मी घरात पाणीसुद्धा पिऊ शकत नाही. खिडकी काय करणार?"

पण दुसऱ्या दिवसापासून काका काळ्या खिडकीत बसायला लागले. बरं वाटलं. चार-पाच दिवस गेले आणि त्यांनी मला हळूच बोलावलं.

"अम्मा, काल एक चांगलं पान सापडलं होतं. आज कुठं दिसत नाही."

"कसलं पान काका?" मी विचारलं. विचारावं लागतंच ना!

"असंच. टॉवेलचं."

"ती खिडकी बंद केली की विसरते हो. त्याच्यासाठीच आहे ती."

काका म्हणाले, "मी पण विसरतो, ती पण विसरते. मग लक्षात कुणी ठेवायचं?"

मी संध्याकाळी थांबून ते पान शोधून काढलं. बोटांच्या व्यायामाचं होतं. ते कोपऱ्यातल्या मशीनवर साध्या खिडकीत उघडं ठेवलं आणि घरी गेले.

*

इकडं मोराची मान जमत नव्हती. आमच्या कामात एक घर म्हणजे एक धागा. घर चुकलं की धागा चुकला आणि मोराचा कोंबडा झाला! काकांची रेघ नागमोडी यायला लागली. अण्णांनी विचारलं तेव्हा काका म्हणाले, "मशीन अडकतंय, अण्णा. माउस उड्या मारतोय."

अण्णांनी शहरातून कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला बोलावलं. चाळिशीचा माणूस, कमी बोलणारा. त्यानं मशीन उघडलं, झटकलं, लावलं, माउस बदलून बघितला. आम्ही तिघं काम सोडून त्याच्याभोवती. नसीमनं त्याला चहा दिला, नानखटाई दिली. दत्ता हाताची घडी घालून दारात उभा. मी म्हटलं, "नीट बघा हं. मेमरी कमी असणार. कमीच असणार."

"काका, जरा एक रेघ काढून दाखवा," तो म्हणाला.

काकांनी माउस धरला. त्यानं पडद्याकडं बघितलं. मग काकांच्या हाताकडं. मग आमच्या तिघांच्या तोंडांकडं. अण्णा केबिनच्या दारात येऊन उभे राहिले होते.

"काय निघालं?" अण्णांनी विचारलं.

तो उठला, हात पुसले आणि म्हणाला, "रॅम कमी पडतीये, अण्णा. डिझाईनचं सॉफ्टवेअर आणि ब्राउझर दोन्ही एकदम चालू ठेवलं की मशीनचा जीव जातोय. रॅम डबल करा. आणि डिझाईन काढताना ब्राउझर बंद."

जाताना मी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेले आणि आभार मानले. तो म्हणाला, "आभार कसले? रॅम खरंच कमी आहे. मी खोटं सांगत नाही गिऱ्हाइकाला." मग गाडीला किक मारता मारता म्हणाला, "पण ताई, तेवढ्यानं नाही भागायचं."

नवीन रॅम आली. मशीन पळायला लागलं. रेघ मात्र नागमोडीच राहिली, फक्त आता लवकर काढून होत होती.

*

यानंतरचा गोंधळ जाहिरातीनं केला. तुम्ही एकदा काही बघितलं की त्याच्या जाहिराती तुमचा पिच्छा सोडत नाहीत, हे आता शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी ते व्यायामाचं पान साध्या खिडकीत उघडून ठेवलं होतं ना, त्याची फळं!

अण्णा कोपऱ्यातल्या मशीनवर दुसऱ्या एका कारखान्याचे टॉवेल बघायला बसले. पान उघडलं. टॉवेल डावीकडं, आणि उजवीकडं हा एवढा मोठा सुरकुतलेला हात. खाली ठळक अक्षरांत: "हात थरथरतात का?"

"एनरी हे?" अण्णा म्हणाले. "कुणाचे हात थरथरतात?"

काका आपल्या टेबलावर पुतळ्यासारखे बसले. तेवढ्यात डोक्यावर टॉवेलचा गठ्ठा घेऊन दत्ता दारातून आत आला आणि गठ्ठ्याखालून म्हणाला, "माजं हाय ते अण्णा. माजा हात थरथरतोय."

"तुझा?" अण्णांनी गठ्ठ्याकडं बघितलं. "एकट्यानं एवढा गठ्ठा उचलून आणलास की तू!"

"तेनंच थरथरतोय की!"

"हौदा? असं का?" अण्णा म्हणाले, आणि पुन्हा टॉवेल बघायला लागले.

अण्णा केबिनमध्ये गेल्यावर काका उठले. दत्ताजवळ गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. डोळ्यांत पाणी. "कधीपासनं रा दत्ता?"

दत्तानं एवढा पुढचा विचार केलेला नव्हता. "दिवाळीपासनं," तो म्हणाला.

"मग सांगायचं नाही का? आम्ही काय परके आहोत? असलं लपवून ठेवतात का कधी?"

नसीमनं पदर तोंडावर घेतला. मी पंख्याकडं बघत बसले.

*

त्या दिवसापासून काकांनी दत्ताला हाती घेतलं. जेवण झालं की दोघं कोपऱ्यातल्या मशीनसमोर. पडद्यावर बघून बोटं उघडायची, मिटायची, ओला टॉवेल पिळायचा, अंगठा एकेका बोटाला लावायचा. काका दत्ताला रागवायचे, "नीट कर रा, तुझ्या वयाला ही हालत!" दत्ताला एकट्याला लाज वाटायला लागली म्हणून नसीम बसायला लागली. नसीम बसली म्हणून मी बसले. टॉवेलची काही कमी नव्हतीच!

मी कोपऱ्यातल्या मशीनचा ब्राउझरही बदलला. जाहिरात दाखवत नाही, पाठलाग करू देत नाही, असा कडक बघून सिंह आणून बसवला. दुधाच्या परीक्षेत तो नापास झालेला, पण प्रत्येक राखणदाराला पळता आलंच पाहिजे असं कुठं आहे?

पुढं काका हट्टाला पेटले. दत्ताला डॉक्टरला दाखवायचंच. दत्ता म्हणाला, "मी येकटा न्हाय जानार. तुमी चला. आन तुमी बी दाखवा, म्हंजी मला धीर येतोय." काका तयार झाले. त्याच्यासाठी!

दोघं एका सकाळी सोलापुरात डॉक्टरकडं जाऊन आले. काकांना गोळ्या मिळाल्या. वयानं होतं असं, पूर्ण जाणार नाही पण आटोक्यात राहील, असं डॉक्टर म्हणाले. हे आम्हाला दत्तानं सांगितलं. काका आम्हाला फक्त दत्ताचंच सांगत होते.

"त्याला काही झालेलं नाही. डॉक्टर म्हणाले, चहा कमी करा."

झालं! काकांनी दत्ताचा चहा बंद केला. दिवसात आठ वेळा चहा पिणारा माणूस! नसीमनं कप पुढं केला की काका तिथूनच म्हणायचे, "त्याला नाही गं. त्याचा हात." दत्ता निमूट हात मागं घ्यायचा. मी एकदा गोदामात त्याला गठ्ठ्यांच्या आड चहा नेऊन दिला. तो घोट घेऊन म्हणाला, "ताई, येवढं टक्कल पडल्यालं सोसलं. पन हे लई अवघड हाय."

गोळ्यांनी काकांना फरक पडत होता, पण रोज सारखा नाही. एखादा दिवस चांगला जायचा, एखादा अगदीच वाईट.

*

मुंबईच्या ऑर्डरवाल्या मॅडम मोर बघायला येणार होत्या, त्याच्या आदल्या दिवशी अण्णांचा लॅपटॉप बंद पडला. दुपारी अण्णा बाहेर आले आणि कोपऱ्यातल्या मशीनवर बसले. बसले ते बसलेच. आमची पाठ त्यांच्याकडं, पण काम कुणाचं होणार? त्या मशीनवर व्यायामाचं पान उघडं होतं. काका काळी खिडकी विसरायचे तेव्हाचं बाकी काय काय त्यात साठलेलं असेल, देव जाणे.

बऱ्याच वेळानं अण्णा उठले आणि केबिनमध्ये गेले. नसीम धावतच मशीनकडं गेली. तिनं इकडं तिकडं क्लिक केलं आणि माझ्याकडं बघितलं.

"ताई, हिस्ट्री में कुछ बी नहीं. सब पोंछ डाला."

हे अण्णा! कॅल्क्युलेटर बंद करायला मला केबिनमध्ये बोलावणारे! त्यांना हे कुणी शिकवलं, आणि पुसण्याआधी त्यांनी काय वाचलं, हे आम्हाला आजपर्यंत कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. सगळे काकांच्या टेबलाभोवती जमले. पडद्यावर मोर. मॅडमना आवडला. आम्ही श्वास सोडणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "मान अजून थोडी वळवता येईल का? आत्ताच दाखवा ना. मला संध्याकाळच्या गाडीनं परत जायचंय."

तो काकांचा वाईट दिवस होता. सकाळपासून आम्ही बघत होतो. त्यांनी उजवा हात मांडीवर डाव्या हातानं दाबून धरलेला. तो वर येईना. दत्ता दारात थिजला. मी मशीन हँग झालंय म्हणून सांगायला तोंड उघडलं.

"काका, उठा," अण्णा म्हणाले.

काकांनी एकदा अण्णांकडं बघितलं. मग खुर्चीचा हात धरून सावकाश उठले. संपलं, असंच मला वाटलं.

अण्णा त्या खुर्चीत बसले. माउस वीट धरावी तसा धरला. "आज मी काढतो. तुम्ही सांगा."

काकांनी एकदम दबक्या आवाजात सांगायला सुरुवात केली. वर. अजून वर. आता डावीकडं. अण्णांनी जन्मात कधी रेघ ओढलेली नव्हती. माउस इकडं जायचा, रेघ तिकडं. पुसायची, परत काढायची. कपाळाला घाम.

मॅडमना हसू आवरेना. "शेठ, तुमचा हात किती हलतोय!"

"हलू द्या की," अण्णा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "आमच्या ऑफिसात सगळ्यांचेच हलतात, मॅडम. मोर काकांच्या डोक्यात आहे. तो नाही हलत. काका, पुढं?"

काकांनी दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि ते पडद्याकडं वाकले.

"दोन घरं डावीकडं, अण्णा. सावकाश."